तीन नळ्यांची एक चावी

तो काळ असा होता की आकाशात कोणी ना कोणी काही ना काही सोडतच होतं. आधी रशियानं गोळा सोडला, मग कुत्री सोडली, मग माणूस सोडला. आणि दर वेळी अमरावतीच्या पानठेल्यांवर लोक माना वर करून उभे राहत, जणू ते सगळं आपल्याच गावावरून जाणार आहे. आमच्या कॉलेजला याची झळ जरा उशिरा लागली. कॉलेजला पंचवीस वर्षं होत होती, दसऱ्यानंतर समारंभ ठरला होता, आणि या प्रसंगी आपणही एक रॉकेट सोडावं असं प्राचार्यांच्या मनात आलं. मी तिथे पदार्थविज्ञान शिकवीत होतो. रॉकेट मी सोडायचं, हे वेगळं सांगायची कोणाला गरज वाटली नाही.

प्राचार्य मूळचे पुण्याचे. वऱ्हाडात बरीच वर्षं काढूनही इथल्या उन्हाकडे ते एक तात्पुरती गैरसोय म्हणूनच पाहत. "एका नळीचं नको," ते म्हणाले. "तो दिवाळीचा बाण झाला. तीन नळ्यांचं हवं. तीन नळ्या म्हणजे विज्ञान."

मी हो म्हणालो आणि घरी येईपर्यंत घाबरून गेलो. एक नळी पेटली तर रॉकेट जातं, नाही पेटली तर जात नाही. त्यात भिण्यासारखं थोडंच असतं. तीन नळ्यांचं तसं नाही. तिन्ही एकाच क्षणी पेटल्या पाहिजेत. एक आधी पेटली आणि दोन मागे राहिल्या, तर रॉकेट एका अंगानं ढकललं जातं, कलंडतं, आणि मग ते आकाशात जायचं सोडून प्रेक्षकांत जातं. आणि प्रेक्षक म्हणजे आमचे पोट्टे. दोरीच्या मागे थांबा म्हटलं की दोरीवर बसणारे.

नळ्या भरायच्या कोणी, हा प्रश्न मात्र नव्हता. नागपूरला माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र अकोल्याच्या एका कॉलेजात रसायन शिकवायचा. शेतकऱ्याच्या घरातला, हातानं काहीही करू शकणारा, आणि भीती म्हणजे काय हे पुस्तकातसुद्धा न वाचलेला. मी त्याला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तीनच काहून? पाच करू ना."

पहिली चाचणी आम्ही अकोल्याला, मोर्णा नदीच्या पलीकडे त्याच्या चुलत्याच्या वावरात घेतली. पेटवायची सोय मी केली होती. जुन्या शेगडीतल्या बारीक तारेची वेटोळी करून प्रत्येक नळीत एक बसवलं. ती वीज मिळताच लाल व्हायची आणि दारू पेटवायची. विजेसाठी टॉर्चचे सेल एका लाकडी पन्हळीत ओळीनं लावले होते, आणि दाबायला दारावरच्या घंटीचं बटण. दुरून पाहिलं तर फारच सुबक दिसत होतं.

मी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. नाही. बोट उचललं आणि मित्राला ओरडून सांगितलं, "थांब, जरा वाट पाहू."

"वाट कायची पाहतं? तार सुटली असंल," म्हणत तो निघालासुद्धा. रॉकेटपाशी उकिडवा बसला, सुटलेलं टोक सापडलं म्हणून हात वर करून मला दाखवलं, आणि ते जागेवर पिळलं.

मी बटणाला हात लावलेला नव्हता. पण घंटीच्या बटणात पितळेची एक पातळ पट्टी असते, ती दाबली गेली ती तशीच अडकून बसली होती. बोट उचललं तरी बटण दाबलेलंच होतं. त्यानं तार पिळली तेव्हा त्यानंच रॉकेट पेटवलं. सेल कमजोर, त्यामुळे तिन्हींतली एकच नळी पेटली. आधी त्याच्या डाव्या तळहातावर एक पांढरा झोत आला, मग रॉकेट आडवं होऊन तुरीत घुसलं आणि तिथे साप निघाल्यासारखं काही वेळ सळसळत राहिलं. माझा मित्र आपल्या हाताकडे असा पाहत होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

त्याच्या घरी गेलो तेव्हा वहिनी पातूरकडच्या आपल्या माहेरी निघायच्या तयारीत होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, हात पाहिला, त्यावर डॉक्टरनं लावलेलं जांभळं औषध पाहिलं, आणि नवऱ्याला सोडून माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, यायले तं अक्कल नाई. तुमाले हाये म्हणून विचारते. पुन्हा करून राहिले का हे?"

मी म्हणालो, कॉलेजनं ठरवलं आहे.

"कॉलेजले हात नाई. यायले दोनच हायेत." त्या पुढे म्हणाल्या, "रॉकेट वर जाओ का खाली जाओ, मले काई घेणं नाई. यायचे हात तुमी घरी आणून द्यायचे. मले सांगा, देता का?"

देतो, असं मी म्हणालो. तेव्हापासून रॉकेट कसं उडेल याची फिकीर मला राहिली नाही. बटण आणि नळ्या यांच्या मध्ये काय ठेवायचं, हा एकच विचार डोक्यात राहिला.

लोकांकडे सूचना भरपूर होत्या. अकोल्याचा एक आतषबाज म्हणाला, विजेची कटकटच नको, तीन वाती एकत्र वळा आणि उदबत्ती लावून पळा. पण तीन वाती सारख्या जळत नाहीत, आणि पळणारा माणूस माझा मित्र होता. गणपतीच्या रोषणाईवाल्यानं आपली माळेची जोडणी सुचवली. त्यात एक दिवा गेला की सगळी माळ जाते. आमचं एक वेटोळं जळून तुटलं असतं की उरलेली दोन थंड. प्राचार्यांना घरातलीच वीज हवी होती. सभागृहातून तार ओढायची आणि संगमरवरी पाटीवरचा तो तलवारीसारखा स्विच खाली पाडायचा. "पाहणाऱ्याला दिसलं पाहिजे की काही घडतं आहे," ते म्हणाले. मी मनाशी ओल्या गवतातून जाणारी ती तार पाहिली, आणि तिच्यावर बसलेले पोट्टे पाहिले. शिवाय आमच्या गावची वीज. ती भाषणाच्या मध्येच जायची आणि टाळ्यांच्या वेळी परत यायची. गेलेली वीज परत येते तेव्हा रॉकेटपाशी कोण बसलेलं असेल?

शेवटी मी स्वतःच एक पेटी केली. वीज कापसाच्या जिनिंगमधल्या एका ट्रकच्या बॅटरीची. ती तीन काय, दहा वेटोळी एका दमात लाल करील अशी. जाड तारा, आणि प्रत्येक नळीला आपली वेगळी वाट, म्हणजे एकीचं बिघडलं तरी दुसरीचं अडायचं नाही. प्रत्येक वाटेवर एक बारीक दिवा. तार शाबूत असेल तर तो मंद जळायचा, सुटली तर विझायचा. दाबायला घंटीचं बटण नाही, मोटारच्या हॉर्नचं. त्याची स्प्रिंग इतकी कडक की बोट उचललं की बटण वर आलंच पाहिजे. आणि बटणाच्या आधी एक कुलूप, भंगारातल्या एका मोटारीच्या डॅशबोर्डातून काढलेलं. चावी फिरवल्याशिवाय बटण म्हणजे नुसतं लाकूड; दिवे तेवढे चावीशिवायही जळायचे. कुलपाची एकच चावी होती, आणि दुसरी नव्हती म्हणूनच मी ते कुलूप घेतलं होतं.

नियमही एकच केला. जो रॉकेटजवळ जाईल, त्याच्या खिशात चावी जाईल. तो दोरीच्या अलीकडे येऊन ती वर धरून दाखवील, तेव्हाच ती कुलपात जाईल. मग मी भोंग्यातून उलटे आकडे मोजीन, आणि मग बटण.

त्या बारीक दिव्यांचीच मला नंतर भीती वाटू लागली. दिवा पेटण्यापुरती का होईना, वेटोळ्यातून वीज जातेच की. वहिनींच्या अंगणात, तुळशीपासून लांब, आम्ही एक वेटोळं दारू लावून नुसतं टांगून ठेवलं आणि दिवा लावला. दिवा जळत राहिला. वहिनी दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. मित्रानं वेटोळ्याला बोट लावलं आणि म्हणाला, "थंडगार हाये."

"बोट कायले लावता?" वहिनी म्हणाल्या. "तुमाले बोटं जास्त झाले का?"

खंडेनवमीला आमच्या कॉलेजात सगळ्या उपकरणांची पूजा व्हायची. तराजू, सूक्ष्मदर्शक, टाइपरायटर, खेळाच्या विभागातली शिट्टी; सगळं प्राचार्यांच्या खोलीत मांडून त्यांवर झेंडू आणि हळदकुंकू. त्या वर्षी पेटीही गेली, आणि चावी. पूजेला नाही म्हणणं मला जमण्यासारखं नव्हतं, आणि बॅटरी माझ्याकडेच होती. दसरा झाल्यावर चावी परत आली तेव्हा तिच्या खाचांत कुंकू होतं आणि काहीतरी चिकट, मेणासारखं. पूजेत काहीही चिकटतं. मी ती रॉकेलनं पुसली आणि खिशात टाकली.

समारंभाच्या दिवशी पेटीला ओळखायला मला क्षणभर लागला. तिच्यावर गर्द लाल मखमल होती, मखमलीला जरीची किनार, आणि ते सगळं एका उंच टेबलावर. टेबलालाही पायघोळ झालर. बॅटरी त्या झालरीच्या आत. टेबल दोरीपाशी, समोर मैदान, मैदानाच्या पार टोकाला पत्र्याच्या आडोशापुढे रॉकेट. प्राचार्यांनी फोटोग्राफरला बजावून ठेवलं होतं की पाहुणे आणि रॉकेट दोन्ही एकाच फोटोत आले पाहिजेत.

पाहुणे म्हणजे एक मंत्री. ते उशिरा आले. इतके उशिरा, की त्यांच्या स्वागताचं गाणं तोपर्यंत दोनदा तालमीसाठी म्हणून झालं होतं. मग हार झाले, दीप झाला, अहवाल झाला. अहवालात कॉलेजच्या पंचवीस वर्षांतलं प्रत्येक वर्ष होतं. मी पेटीपाशी उभा राहून तीन दिव्यांकडे पाहत होतो. पाणी प्यायलाही हलायची हिंमत नव्हती.

अहवाल विसाव्या वर्षात असताना मधला दिवा विझला.

मित्र माझ्याशेजारीच होता. त्यानंही पाहिलं. मी हात पुढे केला, त्यानं चावी घेतली, शर्टाच्या खिशात टाकली, वरून थोपटली. "आलोच," म्हणाला, आणि मैदान ओलांडून गेला. जाताना त्याची पाठ लहान लहान होत गेली. रॉकेटपाशी जाऊन तो उकिडवा बसला, आमच्याकडे पाठ करून, आणि दोन्ही हात खाली घातले.

मला त्या वेळी भीती कमी वाटत होती, हे मला अजून आठवतं. चावी त्याच्या खिशात होती. सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. भोंगा मी मांडवाच्या खांबापाशी ठेवला होता, तो आणायला म्हणून मी टेबल सोडलं.

वळलो तेव्हा अहवाल थांबलेला होता. पाहुण्यांना पुढे कुठेतरी जायचं होतं आणि त्यांच्या माणसानं प्राचार्यांच्या कानात तसं सांगितलं असावं. उरलेली पाच वर्षं गुंडाळून प्राचार्य पाहुण्यांना घेऊन टेबलाकडे निघाले होते. पुढे दोन मुली, एकीच्या हातात चांदीचं तबक, त्यावर जरीचा रुमाल. मला वाटलं, कात्री असेल, कोणी फीत बांधली असेल. आमच्याकडे तबकात नेहमी कात्रीच असायची. प्राचार्यांनी रुमाल उचलला. तबकात कुंकवाच्या ठिपक्याशेजारी एक चावी होती. पांढरी, चकचकीत, चांदीची.

मला ते कळायला जितका वेळ लागला, तितक्यात पाहुण्यांनी ती उचललीही. "वा," ते म्हणाले. "ही आम्हालाच का?"

"आपल्याला स्मृती म्हणून," प्राचार्य म्हणाले. "सराफाकडून मुद्दाम करवून घेतली. लागते, हं. नुसती शोभेची नाही."

लाउडस्पीकरवर स्वागताचं गाणं पुन्हा सुरू झालं होतं. मी ओरडलो. भोंग्यातूनच ओरडलो, पण भोंगा त्या काळातला, नुसता पत्र्याचा, आणि गाण्यापुढे तो गाण्यातलाच एखादा चुकलेला सूर वाटला असेल. मैदानाच्या टोकाला ती पाठ हलली नाही. हात खालीच होते. पाहुण्यांनी चावी कुलपात घातली. ती बसली, फिरलीही. सराफानं काम चोख केलं होतं.

पाहुण्यांचा हात धरावा, तर मध्ये प्राचार्य, दोन मुली आणि एक पोलीस. मी भोंगा टाकला आणि धावलो, आणि टेबलापर्यंत पोहोचलो तेव्हा पाहुण्यांचा अंगठा वर उचललेला दिसला. मग मी जमिनीवर पडलो. पालथा, लांबच्या लांब, पाहुण्यांच्या चपलांपाशी. डोकं आणि हात झालरीच्या आत घातले, बॅटरीचा चिमटा हाताला लागला, आणि तो मी खेचला.

वर बटण दाबल्याचा आवाज झाला. हॉर्नचं बटण होतं, चांगलं खणखणीत वाजायचं. मी झालरीच्या आतल्या अंधारात चिमटा छातीशी धरून डोळे मिटून घेतले आणि मैदानाकडून येणाऱ्या आवाजाची वाट पाहिली. गाणं चालू होतं. दुसरं काही नाही. तेवढ्यात माझ्या पाठीवर एक हात आला.

"असू द्या, असू द्या," पाहुणे म्हणाले. "उठा. आपण सगळे सेवकच."

टाळ्या पडल्या. कुठेतरी फोटोग्राफरचा दिवा फुटल्यासारखा चमकला.

मी उठलो नाही. प्राचार्य झालरीत डोकं घालून, दात आवळून म्हणाले, "अहो, काय करता आहात? जोडा ते!"

"सर, तो तिथे आहे."

"कोण?"

मी चिमटा सोडला नाही. प्राचार्य बहुधा तेव्हा पहिल्यांदा मैदानाकडे वळून पाहत असावेत, कारण त्यांचे पाय मला दिसत होते आणि त्या पायांनी एक पाऊल मागे घेतलं.

बऱ्याच वेळानं, म्हणजे मला तसं वाटलं, झालरीखालून मित्राचे बूट दिसले. तो दोरीच्या अलीकडे येऊन उभा राहिला होता आणि नियमाप्रमाणे आपली लोखंडी चावी उंच धरून सगळ्यांना दाखवत होता. "झालं," तो म्हणाला. "तिन्ही दिवे पाहून घे." मग खाली वाकून, "अन् तू इथं काय करून राहिला लेका?"

मी चिमटा जोडला. पाहुण्यांनी पुन्हा दाबलं. तिन्ही नळ्या एकदम पेटल्या, इतक्या एकदम, की आवाज एकच झाला, आणि रॉकेट सरळ वर गेलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी मित्राच्या हातांकडे पाहत होतो. ते कमरेवर होते.

"पहिल्या वेळी काय झालं होतं?" पाहुण्यांनी विचारलं.

"ती रंगीत तालीम होती, साहेब," प्राचार्य म्हणाले.

बडनेऱ्याच्या फलाटावर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत मी त्याला सगळं सांगितलं. भीतीची ओळख त्याला तिथे झाली असावी, कारण त्यानं दोन्ही हात खिशात घातले आणि गाडी येईपर्यंत बाहेर काढले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाला, "हिले नको सांगू."

दिवाळीनंतर मी अकोल्याला त्याच्या घरी गेलो होतो. चहा होत होता. प्राचार्यांनी त्याला पाठवलेलं एक जाड पाकीट त्याच दिवशी टपालानं आलं होतं, ते वहिनींनी उघडलं. आत समारंभाचा फोटो. पाहुणे चावीवर हात ठेवून हसत उभे, प्राचार्य हात जोडून, आणि खाली मी, साष्टांग, डोकं झालरीत.

वहिनी इतक्या हसल्या की त्यांनी पदर तोंडाला लावला. "बापा बापा! भाऊजी, तुमी तं मोठ्या फोकनाड्या करत होते, आपुन कोनापुढं वाकत नाई म्हणून! मंत्र्याच्या पाया काहून पडले?"

"सरकारी अनुदानासाठी," मी म्हणालो.

त्या अजून हसत होत्या. मग फोटो उजेडाकडे धरला आणि हसू हळूहळू कमी झालं. "हे मांगं कोण हाये?"

फोटोच्या वरच्या कोपऱ्यात, पाहुण्यांच्या खांद्यापलीकडे, पार लांब, रॉकेटपाशी एक पांढरा ठिपका होता. नीट पाहिलं तर ती एक पाठ होती. उकिडवी बसलेली.

"असंल कोणी चपराशी," माझा मित्र म्हणाला.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. फोटोतल्या चावीवर बोट ठेवलं, मग त्या पाठीवर ठेवलं, मग टेबलाखाली गेलेल्या माझ्या हातांवर ठेवलं. स्टोव्हवर चहा उतू जाऊ लागला आणि कोणीही उठलं नाही.

"चावी कोणापाशी होती?" त्यांनी विचारलं.

"माह्या खिशात," तो म्हणाला.

ते अगदी खरं होतं. त्यांनी मान हलवली, फोटो पाकिटात घातला, आणि उठून स्टोव्ह बंद केला. चहा देताना त्यांनी त्याच्या हातात कप दिला नाही. त्याच्यासमोर जमिनीवर ठेवला, आणि तो उचलण्यासाठी त्यानं हात पुढे करीपर्यंत पाहत राहिल्या. आधी उजवा, मग डावा, ज्यावर अजून जांभळट डाग होता.